कार्डावरची तारीख

वैनगंगा हवाई सेवेच्या नागपूरच्या कार्यशाळेत एक जुनी पद्धत होती. माणूस निवृत्तीला आला की शेवटच्या आठवड्यात त्याला जोडीनं विमानातून फिरवून आणायचं, आणि विमान कोणतं ते त्यानंच निवडायचं. अट एकच, त्या विमानाच्या इंजिनाला त्याचा हात लागलेला असला पाहिजे. नियमपुस्तकात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कुणी मोडलंही नव्हतं. जन्मभर इंजिनांत डोकं घालून बसलेली आणि एकदाही जमीन न सोडलेली माणसं तिथं काही कमी नव्हती. भांडारपाल दिगांबर चरडे त्यांतलेच एक. चोवीस वर्षं विमानांचे सुटे भाग पोटच्या पोरांसारखे सांभाळले, पण विमानात बसायचं म्हटलं की त्यांना काहीतरी काम निघायचं.

या खेपेला मात्र त्यांची सुटका नव्हती. त्यांनी निवडलं ‘प्राणहिता’. कंपनीनं नऊ आसनांची आणि एकाच इंजिनाची चार नवी विमानं घेऊन त्यांना नद्यांची नावं दिली होती. प्राणहिताच्या इंजिनातल्या मुख्य बेअरिंगला खंडेनवमीच्या पूजेत चरडेकाकांनी स्वतः कुंकू लावलं होतं, मग ते दुसऱ्या विमानात कशाला बसतील? शिवाय ते जात होतं सिरोंच्याला, आणि त्यांच्या पत्नी मंगलाकाकूंना तिथला नद्यांचा संगम बघायचा होता.

तीस डिसेंबरच्या सकाळी काकू नवं पातळ नेसून आल्या. विमानाच्या पायरीशी त्या थबकल्या आणि इंजिनांवर नजर ठेवणाऱ्या प्रणाली गावंडेचा हात धरून हळूच म्हणाल्या, “बाई, त्या इंजिनात किरणं-बिरणं हायेत म्हणते. आपल्याले काही होत नाही ना?”

प्रणाली काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, “अवं, त्या किरणायच्याच भरोशावर तं बसून रायलो आपण. बाईच्या टेबलावर सारं दिसते. चाल, चढ लवकर.”

नऊ वीसला प्राणहिता उडालं. ते दिसेनासं होईपर्यंत प्रणाली हँगरच्या दारात उभी होती.

काका म्हणाले ते खरंच होतं. प्रणालीच्या टेबलावर सारं दिसायचं. इंजिनाचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि तो सगळा भार बेअरिंगातल्या पोलादी गोळ्यांवर आणि त्यांच्या कड्यांवर असतो. कडी झिजायला लागली की तेलात लोखंडाचा कण न् कण उतरतो. पूर्वी सारी भिस्त तेलाच्या वाटेवरच्या चुंबकावर असे; तो आजही असतो. चुंबकाला कपचा चिकटला की वैमानिकापुढे दिवा लागे. पण कपचा सुटतो तेव्हा बेअरिंग शेवटच्या घटका मोजत असतं. म्हणून पूर्वी ठरावीक तास भरले की इंजिन चांगलं असो की वाईट, उघडायचंच असा नियम होता.

मग ही नवी युक्ती आली. बेअरिंगची कडी सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, धरायची आणि तिच्या पृष्ठभागावर प्रोटॉनचा झोत सोडायचा. लोखंडाच्या काही अणूंचं रूपांतर किरणोत्सारी कोबाल्टमध्ये होतं, तेही फक्त वरच्या पातळशा थरात, भांड्याला कल्हई करावी तसं. ही कल्हई झिजली की किरणोत्सारी अणू तेलाबरोबर वाहत गाळणीत येऊन अडकतात. गाळणीबाहेर बसवलेला मापक त्यांचे गॅमा किरण मोजतो आणि दर पाच मिनिटांनी आकडा जमिनीवर पाठवतो. साखरेच्या एका दाण्याच्याही कितीतरी पट कमी झीज त्याला समजते. आकडा पाचशेच्या वर गेला की पडद्यावर पिवळा, सातशेच्या वर गेला की लाल. लाल म्हणजे विमान जवळ असेल तिथं खाली. कसोटीच्या इंजिनांत सातशेनंतर कुणी सहा तास टिकलं होतं, कुणी चाळीस मिनिटं.

ही युक्ती इतकी खात्रीची ठरली की तासांचा नियमच रद्द झाला. पडदा हिरवा आहे तोवर इंजिन उघडायचं नाही. त्या हिरव्या रंगाखाली सही असायची ती प्रणाली गावंडेची. घरी नवऱ्यानं भाजीत मीठ टाकलं का विचारलं तरी ती चमच्यानं चाखून मगच हो म्हणायची, असा तिचा लौकिक. कार्यशाळेतले लोक तिच्यामागे तिला ‘हिरवीबाई’ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं.

ती टेबलाशी परत आली तेव्हा प्राणहिताचा आकडा होता एकशे पासष्ट. हिरवा. तिनं चहा मागवला आणि खणातून काकांचा अल्बम काढला. उद्या निरोपसमारंभ होता आणि फोटो चिकटवायचं काम तिनं आपण होऊन मागून घेतलं होतं.

काकांचं आणि तिचं नातं तसं कागदावर काहीच नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी ती शिकाऊ म्हणून आली, त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात तिच्या हातून एक नवंकोरं बेअरिंग फरशीवर पडलं होतं. पडलेलं बेअरिंग म्हणजे भंगार, आणि पाडणारा शिकाऊ म्हणजे घरी. ती जागच्या जागी थिजली. काका पुढे आले, बेअरिंग उचललं आणि वरिष्ठांना शांतपणे म्हणाले, “माह्या हातून पडलं.” त्यांची बढती त्या वर्षी अडली. प्रणालीनं त्या दिवशी तोंड उघडलं नाही, आणि नंतरही कधी उघडलं नाही. हे तिला सोळा वर्षं सलत होतं.

अल्बमच्या शेवटच्या पानासाठी तिनं खंडेनवमीचा फोटो निवडला होता. पाटावर झेंडूची फुलं, पाना, हातोडी, सूक्ष्ममापी. मधोमध पारदर्शक पिशवीत बंद केलेलं नवं बेअरिंग, पिशवीवर कुंकवाचं बोट. धातूला बोट लावायचं नाही याबद्दल काका पूजेतही कडक. शेजारी शिशाच्या डब्याचं झाकण टेकवून ठेवलेलं. मागं हात जोडून काका, आणि त्यांच्या बाजूला हातात नारळ घेतलेली ती स्वतः. फोटो छान आला होता. तिनं डिंकाची नळी उचलली.

आणि तिची नजर झाकणावर गेली. झाकणावर सायक्लोट्रॉनवाल्यांची पिवळी चिठ्ठी होती. फोटो मोठा करून घेतल्यामुळं चिठ्ठीवरची अक्षरं स्पष्ट दिसत होती. झोत दिल्याची तारीख: आठ मे.

डिंकाचा थेंब टेबलावर पडला. आठ मे? तिनं संगणकावर चढवलेलं प्राणहिताच्या बेअरिंगचं कार्ड उघडलं. पहिली तारीख: नऊ ऑक्टोबर.

तिला तो दिवस आठवला. वर्षाची पहिली नवी वस्तू खंडेनवमीला पाटावर मांडायची आणि तिच्या कार्डावर तोच दिवस घालायचा, ही भांडाराची रीत. नव्या वस्तूचा जन्म पूजेच्या दिवशी, असं काका म्हणत. पान्याला, यंत्राला काय फरक पडतो? एरवी बेअरिंगंही सायक्लोट्रॉनवरून आली की आठवड्याच्या आत बसायची, तेव्हा दोन दिवस इकडे-तिकडे चालून जायचं. पण हा साठा मे महिन्यात आला होता. विमानं यायला उशीर झाला आणि डबा भांडाराच्या कोपऱ्यात पाच महिने पडून राहिला. पूजेनंतर काकांनी लेखणी उघडून विचारलं होतं, “बाई, कार्डावर तारीख कोनती टाकू जी?”

ती प्रसादाचा नारळ फोडायच्या गडबडीत होती. वळूनही न बघता म्हणाली होती, “आजचीच टाका काका. चांगला दिवस आहे.”

प्रणालीनं अल्बम बाजूला सारला आणि कागद ओढला. हा कोबाल्ट जागच्या जागी बसून राहत नाही. कापराची वडी डबीत बंद ठेवली तरी आपोआप उडत जाते, तसा तोही आपोआप सरतो. सत्याहत्तर दिवसांत निम्मा, आणखी सत्याहत्तर दिवसांत निम्म्याचा निम्मा. संगणक हा हिशेब बिनचूक करतो, पण ‘पहिल्या तारखे’पासून. त्याच्या लेखी नऊ ऑक्टोबरला वडी पूर्ण होती. प्रत्यक्षात आठ मेपासून किती दिवस झाले होते? तिनं बोटांवर मोजले, मग कागदावर मोजले. एकशे चोपन्न. सत्याहत्तर दुणे एकशे चोपन्न. वडी पाव उरली होती. म्हणजे गाळणीत जेवढी झीज आहे असं पडदा सांगत होता, तिच्या चौपट झीज खरी होती.

नऊ पस्तीसला पडद्यावर नवा आकडा आला. एकशे अडुसष्ट, हिरवागार. चोक सहाशे बहात्तर.

तिनं पुन्हा गुणाकार केला. तिसऱ्यांदा केला. या तीन गुणाकारांत दोन मिनिटं गेली, आणि प्राणहिता मिनिटाला पाच किलोमीटर जातं. घड्याळ आणि नकाशा तिच्या डोक्यात आपोआप एकमेकांना चिकटले. नऊ सत्तेचाळीसला चंद्रपूर. तिथं धावपट्टी आहे. त्यानंतर सिरोंच्यापर्यंत नुसतं जंगल.

ती धावत सुटली. मुख्य अभियंता अविनाश देवतळे यांचं ऑफिस पलीकडच्या इमारतीत होतं. ते बैठकीत होते. बैठकीत कुणी घुसत नसे, प्रणाली घुसली. तिचा चेहरा बघून बाकीचे आपणहून उठले.

“सर, प्राणहिता चंद्रपूरला उतरवा. आत्ता.”

देवतळ्यांनी समोरचा पडदा वळवला. नऊ पंचेचाळीसचा आकडा आला होता. “एकशे त्र्याहत्तर. हिरवा आहे की, मॅडम.”

“आकडा बरोबर नाही.”

“म्हणजे मापक बिघडलाय?”

क्षणभर तिच्या मनात आलं, हो म्हणावं. मापक बिघडला, संशय आहे, उतरवा. कुणाची तारीख, कुणाची चूक, हा प्रश्नच नको. तोंडातून ‘हो’ जवळजवळ निघालंच होतं. पण तिलाच पुढचं वाक्य ठाऊक होतं, आणि देवतळे ते बोललेही. “मापकाचा बिघाड असेल तर नियमाप्रमाणे ठरल्या ठिकाणी उतरू दे. तिथं तपासू. मापक नसतानाही विमानं उडतच होती. नऊ माणसं मध्येच चंद्रपूरला कशाला टाकायची?”

“मापक ठणठणीत आहे सर. कार्डावरची तारीख चुकलीय. पूजेच्या फोटोत डब्यावरची चिठ्ठी दिसतेय, मेची. कार्डावर ऑक्टोबर पडलीय. सगळे आकडे चारनं गुणायचे.”

देवतळे हुशार माणूस. त्यांना गुणाकार सांगावा लागला नाही. त्यांचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. एकशे त्र्याहत्तर चोक सहाशे ब्याण्णव. अजून लाल नाही. पण चुकीच्या तारखेवर विमान परत बोलावलं असं वर लिहून द्यायचं, तर तारीख चुकीची आहे याची खात्री हवी. “कार्ड कुणी केलंय? सही चरड्यांची दिसतेय. फोटोतल्या चिठ्ठीवर मी विमान फिरवू? डबा कुठाय?”

“डबा परत गेला. चरडेकाका त्याच विमानात आहेत.”

नऊ अठ्ठेचाळीस. प्राणहितानं चंद्रपूर मागं टाकलं होतं.

प्राणहिताशी संपर्क लागला आणि वैमानिक कॅप्टन झीनत काझींचा आवाज खोलीत घुमला. देवतळ्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि काकांना बोलवायला सांगितलं. बोलवायचं कसलं, काका वैमानिकाच्या पाठीमागच्याच आसनावर होते. हेडसेट त्यांच्या डोक्यावर चढवताना होणारी खरखर ऐकू आली.

“चरडे, प्राणहिताच्या बेअरिंगच्या कार्डावर नऊ ऑक्टोबर आहे. डब्यावर कुठली तारीख होती?”

काका म्हणाले, “आठ मे, साहेब. मले पक्कं याद आहे. त्या दिवशी नातवाचा वाढदिवस राह्यते.”

“मग कार्डावर ऑक्टोबर कुणी टाकली?”

इंजिनाची एकसारखी घरघर तेवढी येत होती, आणि ती घरघर ऐकताना प्रणालीनं टेबलाची कड घट्ट धरली.

“मीच टाकली साहेब. माह्या मनानं. पूजेचा दिवस होता म्हणून. गावंडेबाईले यातलं काही माहीत नव्हतं.”

“एकाच बेअरिंगवर?”

“एकच जी. पाटावर होतं तेवढंच.”

देवतळ्यांनी सुस्कारा सोडला. “कॅप्टन, मागं फिरा. चंद्रपूर. शक्ती शक्य तितकी कमी ठेवा.”

“फिरतेय,” कॅप्टन काझी म्हणाल्या. नऊ बावन्न झाले होते.

“बरं तर बरं, एकावरच निभावलं,” देवतळे खुर्चीत मागं टेकले. “बिचारा उद्या निवृत्त होतोय आणि हे असं. तुम्ही वेळेवर पकडलंत मॅडम, तसं मी लिहीन.”

इथं गप्प बसणं किती सोपं होतं! विमान फिरलं होतं. चूक काकांच्या नावावर लागली होती, त्यांनी आपण होऊन लावून घेतली होती, सोळा वर्षांपूर्वी घेतली तशी. आणि ते खोटं बोलले होते तरी त्यांच्यापुरतं खरंच बोलले होते, कारण पुढं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. पाटावर एकच बेअरिंग होतं. पण डब्यात चार होती, हे ‘एकच’ ऐकल्यावर तिला आत्ता आठवलं. उरलेल्या तिन्हींची नोंद प्रणालीनं पूजेच्याच दिवशी दुपारी आपल्या टेबलावरून केली होती, पेढा खाता खाता, ‘वरीलप्रमाणे’ या खुणेवर तीनदा बोट टेकवून.

बोललं की सही गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नोकरीही जाईल. हिरवीबाईनं न बघता सही केली, हे गावभर होईल.

“सर, एक नाही. चार.”

“काय?”

“काकांनी मला विचारून तारीख टाकली. मी न बघता आजची टाका म्हटलं. बाकीच्या तीन नोंदी माझ्या आहेत. वर्धा, इंद्रावती आणि पैनगंगा. चारी विमानांचे आकडे चारनं गुणा.”

देवतळ्यांनी तिच्याकडे बघितलं ते अविश्वासानं. पण बघत बसायला वेळ नव्हता. दोघांनी एकदमच पडद्यावर झडप घातली. वर्धा हँगरमध्ये उभं. इंद्रावती गोंदियाला उभं. पैनगंगा यवतमाळच्या धावपट्टीवर, नऊ प्रवासी बसलेले, लातूरसाठी दहा वाजता उड्डाण. उतरताना नोंदवलेला शेवटचा आकडा एकशे एक्क्याण्णव.

एकशे एक्क्याण्णव चोक सातशे चौसष्ट.

“यवतमाळ लावा!” देवतळे ओरडले. “यवतमाळ! पैनगंगा थांबवा, इंजिन बंद करा. कारण नंतर सांगतो. आधी बंद करा!”

यवतमाळच्या माणसानं ‘इंजिन बंद’ म्हणेपर्यंत प्रणाली उभीच होती. मग ती प्राणहिताकडे वळली. नऊ पंचावन्नचा आकडा आला होता. एकशे एक्क्याऐंशी. हिरवा. तिनं त्या हिरव्या रंगाकडे बघितलं आणि तिला तो रंग प्रथमच घाणेरडा वाटला.

“नागपूर,” कॅप्टन काझींचा आवाज आला, अगदी सपाट. “चुंबकाचा दिवा लागलाय. धावपट्टी दिसतेय. दोन मिनिटं.”

चुंबकाचा दिवा, म्हणजे कपचा सुटला. प्रणालीच्या डोळ्यांपुढे पातळाचा पदर सारखा करत पायरी चढणाऱ्या मंगलाकाकू आल्या. ‘बाईच्या टेबलावर सारं दिसते.’ तिनं डोळे मिटले तरी तो आवाज थांबेना. दोन मिनिटं. सत्याहत्तर दिवसांचा हिशेब क्षणात करणारीला ती दोन मिनिटं काही मोजता आली नाहीत.

“उतरलो,” कॅप्टन म्हणाल्या. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बहुतेक काकूच, त्यांना वाटलं असेल सिरोंचा आलं.

प्रणाली खाली बसली आणि रडली. देवतळ्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

दुपारी चंद्रपूरला गाळणी उघडली तेव्हा तिच्यात नखाएवढे तीन चकचकीत कपचे निघाले. पैनगंगाच्या गाळणीत सात, आणि त्यांतला एकही चुंबकाला चिकटला नव्हता. तिथल्या मिस्त्रीनं फोनवर सांगितलं की बाई, हे उडालं असतं तर लातूर काही पाहिलं नसतं. प्रणालीनं तो सातचा आकडा कागदावर लिहून घेतला आणि कागद जपून ठेवला. संध्याकाळच्या आत तिचा सहीचा अधिकार काढून घेतल्याचं पत्र आलं. चौकशी नव्या वर्षात बसणार होती.

काका-काकू गाडीनं नागपूरला परतले. काका दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला भांडारात हजर झाले. निरोपसमारंभ पुढं ढकलला होता, पण शेवटचा दिवस तर भरायचाच होता. प्रणाली त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं ते पाठीवर हात ठेवतील. त्यांनी वर बघितलंच नाही.

“मी आपल्यावर घेतलं होतं,” ते म्हणाले. “माह्या काय, एक दिवस उरला होता. माह्यं काय बिघडलं असतं? तुमचं सारं पुढं पडलं आहे. तुमी काऊन बोलल्या?”

“काका, यवतमाळचं विमान उडालं असतं.”

“ते मले काय माहीत होतं?”

“तेच म्हणते मी. तुम्ही मला सांभाळायला एक म्हणालात. तुम्हाला ठाऊकच नव्हतं की चार आहेत. मी गप्प बसले असते तर यवतमाळची नऊ माणसं आणि वैमानिक आपल्या दोघांच्या चांगुलपणानं गेली असती.”

काकांच्या हातातला फडका थांबला. मग ते स्टुलावर बसले. कालपासून पहिल्यांदाच त्यांना तसल्याच विमानात आपण बसलो होतो, आपली बायको बसली होती, हे जाणवलं असावं. प्रणालीनं त्यांचे हात धरले.

“आणि सोळा वर्षांपूर्वीचं बेअरिंगही माझ्याच हातून पडलं होतं,” ती म्हणाली. “तेही मी काल चौकशीसाठीच्या निवेदनात लिहून दिलंय.”

“हत्!” काका एकदम म्हणाले. “ते कोन पुसून रायलं होतं?” पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी त्याच फडक्यानं पुसलं.

चारच्या सुमाराला सायक्लोट्रॉनवर तयार असलेला नवा साठा आला, तातडीनं मागवलेला. शिशाचे दोन डबे. त्यांतली बेअरिंगं प्राणहिता आणि पैनगंगाला आधी बसवायची होती. सही आता देवतळे करणार होते आणि ते खाली यायला निघालेच होते. पण कार्ड लिहायचं काम भांडारपालाचं, आणि भांडारपालाच्या नोकरीचा अजून दीड तास बाकी होता.

काकांनी डबे आतल्या फळीवर नेऊन ठेवले. ठेवताना झाकणावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या प्रणालीनं ओझरत्या बघितल्या होत्या. अठ्ठावीस डिसेंबर. दोन्हींवर. तिच्या डोक्यात ती तारीख पक्की बसली होती, आता ती जन्मात विसरणार नव्हती.

काका टेबलाशी येऊन बसले. चष्मा लावला, कोरं कार्ड पुढं ओढलं, लेखणी उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचाच कामाचा भाव होता. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “बाई, तारीख कोनती टाकू जी?”

उत्तर तिच्या जिभेवर होतं. ते तिनं गिळलं.

“थांबा काका, बघून सांगते,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली.